बारा हजारांचा पेपर आणि पाचवं नाव

या सदराकडे आलेलं एक पत्र थोडक्यात असं, सोबत पेपरचा मसुदा आणि एजंटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट:

"सर, मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर) आहे. थीसिस सबमिट झालाय. त्याखेरीज सिकलसेलच्या अकरा पेशंटची केस सिरीज लिहिली आहे, सगळ्यांना ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमध्ये न्यूमोनियासारखी छाती भरणं) झाला होता. रेकॉर्ड सेक्शनमध्ये बसून केसपेपर मी एकटीने काढले. आता गाइड म्हणतात, पहिलं नाव एचओडी (विभागप्रमुख) सरांचं, दुसरं त्यांचं, तिसरं माझं, चौथं माझ्या को-जेआरचं. पाचवं नाव दुसऱ्या कॉलेजातल्या एका सरांचं, त्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. त्यांचं प्रमोशन अडलंय म्हणे. परीक्षेला बसायला पेपर लागतोच म्हणून एका सीनियरने एजंटचा नंबर दिला. बारा हजार रुपये, पाच दिवसांत छापून. मी चार हजार ॲडव्हान्स पाठवले, मॅन्युस्क्रिप्टही पाठवली. इंग्रजी चॅटजीपीटीकडून नीट करून घेतलंय, बरेचसे रेफरन्सही त्यानेच दिलेत. आता रात्री झोप लागत नाही. तसंही आमच्यासारख्यांचं चांगल्या जर्नलमध्ये कोण छापतं? मी काय करू?"

तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न एकात एक अडकलेत. आधी सगळ्यात सोपा सोडवू, कारण घाई त्याच्यामुळेच झाली आहे.

परीक्षेला बसायला छापील पेपर लागतोच, हे अर्धवट आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत तीन पर्याय दिलेत: राज्य, विभागीय किंवा राष्ट्रीय परिषदेत पोस्टर, तिथेच पोडियमवरून सादरीकरण, किंवा आपल्या विषयाच्या जर्नलमध्ये छापलेला अथवा स्वीकारलेला पेपर. यातलं किमान एक पुरतं. त्याआधीच्या एमसीआयच्या (मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या) २०००च्या नियमांत पोस्टर हवं, पेपर वाचायला हवा आणि एक शोधनिबंध निदान पाठवलेला तरी हवा, असं तिन्ही होतं. सीनियर मंडळी बहुधा त्या काळातलं ऐकीव सांगतात आणि पुढची बॅच ते तसंच पुढे ढकलते. तू मॅपिकॉनला (फिजिशियन मंडळींच्या राज्य परिषदेला) किंवा अशाच कुठल्या परिषदेला पोस्टर लावलं असशील, तर सर्टिफिकेट शोधून फायलीला लाव. लावलं नसेल तर पुढच्या परिषदेची ॲबस्ट्रॅक्टची तारीख आजच बघ. आणि कॉलेजच्या अकॅडमिक सेक्शनमधून हे लेखी घे, कारण तुझ्या बॅचला काय लागू आहे ते तुझ्या विद्यापीठाच्या, म्हणजे एमयूएचएसच्या कागदांवरून ठरणार, माझ्या सदरावरून नाही.

म्हणजे पाच दिवसांत छापून यायची गरजच उरली नाही.

आता तो एजंट. तू पाठवलेला व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट मी दोनदा वाचला. "स्कोपस, पबमेड, गुगल स्कॉलर, आयएसएसएन, डीओआय सब मिलेगा मॅडम, टेन्शन नका घेऊ, हर ऑथर को अलग सर्टिफिकेट." प्रत्येक लेखकाला वेगळं सर्टिफिकेट देणारं जर्नल आपलं गिऱ्हाईक बरोबर ओळखून आहे, एवढं मानावं लागेल. पेपर तपासणार कोण, त्याला किती आठवडे लागतील, शेरे कधी येतील, याबद्दल अख्ख्या मेसेजात एक शब्द नाही.

यातले अर्धे शब्द फक्त वजन वाढवायला आहेत. आयएसएसएन म्हणजे जर्नलचा नोंदणी क्रमांक, तो कुणालाही मिळतो. गाडीला नंबर प्लेट असली म्हणून ड्रायव्हरला गाडी चालवता येते असं नाही, तसंच ते. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, विकत मिळतो. गुगल स्कॉलर यंत्राने जे सापडेल ते गोळा करतं, तिथे निवड नसते. 'पबमेड' या वैद्यकीय लेख शोधायच्या साइटच्या बाबतीत जरा थांबून बघावं लागतं, कारण फसवणूक इथेच होते. मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत कुठलं जर्नल घ्यायचं ते अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन निवडते. पबमेड सेंट्रल हे त्यांचं कोठार आहे. तिथे काही जर्नलं पूर्ण येतात, तर काही ठिकाणी अनुदानाच्या अटीमुळे लेखकाने आपला एखादाच लेख ठेवलेला असतो. पबमेडवर शोधलं की दोन्हीकडचं दिसतं. त्यामुळे एखाद्या भुक्कड जर्नलचा एक लेख पबमेडवर दिसला की एजंट त्याचाच स्क्रीनशॉट फिरवतो. त्याच नॅशनल लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाक आणि 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' असं लिहिलंय का ते बघ. स्कोपस या दुसऱ्या निवडक सूचीची सोर्स लिस्टही उघडी आहे. तिथे कव्हरेज कुठल्या वर्षी थांबलं तेही कळतं. एके काळी आत असलेलं आणि नंतर बाहेर काढलेलं जर्नल एजंट हमखास 'स्कोपस' म्हणूनच विकतो. वेबसाइटचा पत्ताही अक्षर न् अक्षर जुळवून बघ, कारण खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोट्या साइट चालतात.

जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने २०१३ साली मुद्दाम ढोबळ चुका ठेवलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांकडे पाठवला होता. निम्म्याहून जास्त जर्नलांनी तो घेतला. 'सायन्स'मध्ये ती हकीकत छापून आली. तुझा एजंट त्याच बाजारातला एक दुकानदार आहे.

पण पैसे घेतात म्हणून जर्नल खोटं, असंही धरून चालू नकोस. चांगली ओपन ॲक्सेस जर्नलंही प्रोसेसिंग चार्ज घेतात, फक्त ते आधी जाहीर असतात आणि पेपर नाकारायची त्यांची तयारी असते. उलट मोठ्या नावाचाही भरवसा नसतो. वायलीने २०२१ साली हिंदावी ही प्रकाशनसंस्था विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिच्या जर्नलांमधले आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. पेपर मिलवाल्यांनी (पैसे घेऊन बनावट पेपर रचणाऱ्यांनी) स्पेशल इश्यूच्या दारातून आत शिरून ठेवलेले होते ते. त्यातल्या कित्येक लेखकांच्या बायोडेटात आज 'रिट्रॅक्टेड' हा लाल शिक्का कायमचा आहे.

आता नावांचं. पत्र तू एजंटबद्दल लिहिलंस, पण तुझी झोप या नावांनीच उडवली असावी असं मला वाटतं.

मेडिकल जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात. कामाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा मुद्देसूद दुरुस्त करण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या शेवटच्या प्रतीला संमती हवी. आणि पुढे कुणी प्रश्न विचारला तर संपूर्ण कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी. चारही लागतात. वॉर्ड त्यांच्या नावावर आहे, युनिट त्यांचं आहे, सही त्यांची लागते, यातलं काहीही या यादीत नाही.

मग सगळ्यांना पहिल्या तिघांतच यायचं का असतं? अध्यापकांच्या पात्रतेच्या २०२२च्या नियमावलीत असं होतं की बढतीसाठी पेपर धरायचा तर नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) तरी हवा. नियम हेतूने चांगला होता, दहाव्या क्रमांकाचे पाहुणे गाळण्यासाठी. व्हायचं तेच झालं, पाहुणे पुढच्या पंगतीत येऊन बसले. तुझे एचओडी आणि गाइड वाईट माणसं आहेत असं मी म्हणत नाही. बढतीच्या फायलीत पेपर मोजले जातात, वाचले जात नाहीत, आणि त्या फायलीसाठी तुझ्यासारखीची मेहनत सगळ्यात स्वस्तात मिळते.

तू ज्या आजारावर लिहितेयस, त्याची छापील सुरुवातच अशी आहे. १९०४च्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात ग्रेनडाहून आलेला दंतवैद्यकीचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या रक्ताची स्लाइड बघून विळ्यासारख्या पेशी टिपल्या अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. १९१० साली लेख आला, त्यावर नाव एकट्या डॉ. जेम्स हेरिक यांचं. सिकलसेलचा जगातला तो पहिला केस रिपोर्ट, आणि वर्षानुवर्षं हा आजार हेरिक यांच्या नावाने ओळखला गेला. काच आधी बघणारा पोरगा इतिहासाच्या तळटिपेत गेला. त्या विद्यार्थ्याचं नाव लेखात नव्हतं, पण पुढे अभ्यासकांनी ते शोधून काढलंच: वॉल्टर क्लेमेंट नोएल. तो ग्रेनडाला परतला, दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला. तुझ्या अकरा केसपेपरांच्या शेजारी हे ठेवून वाच, म्हणजे तो न्यूमोनिया काय असेल याचा अंदाज तुला येईल.

नावावरून होणारं नुकसान फक्त ज्याचं वगळलं त्याचंच होतं असं नाही. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्यावर मोठा पेपर आला. ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजारांवर रुग्ण. डब्ल्यूएचओने आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला. लोक मूळ आकडे मागायला लागले तेव्हा कळलं की ते सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडे आहेत आणि ती तटस्थ तपासणीला ते द्यायला तयार नाही. त्या कंपनीचा माणूस सोडून उरलेल्या तीन लेखकांनी ४ जूनला पेपर मागे घेतला. नामांकित डॉक्टर होते त्यांत. तुझ्या पाचव्या सरांना उद्या कुणी विचारलं की सातव्या पेशंटला एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन (रक्त बदलणं) कितव्या तासाला दिलं, तर ते काय सांगतील?

पण तू जेआर आहेस, प्रॅक्टिकल तोंडावर आहे, आणि मी तुला लढायला सांगून घरी पंख्याखाली बसणार नाही. म्हणून असं कर.

एचओडी आणि गाइड यांच्याशी नावांवरून वाद घालू नकोस, त्यांना काम दे. मसुदा प्रिंट काढून घेऊन जा आणि ठरावीक जागी बोट ठेवून विचार: "सर, डिस्कशनमधला हा मुद्दा बरोबर बसत नाहीये, तुम्ही बघाल का?" त्यांनी पेनाने खुणा केल्या, अर्थ लावला, शेवटची प्रत वाचली, तर ते खरोखरच लेखक होतील. मेडिसिनची जुनी माणसं सिकलसेलबद्दल असं काही सांगतात जे तुला कुठल्याही पेपरात सापडणार नाही; हा फायदा तुझाच. तुझा को-जेआर काही करत नसेल तर त्याला अर्धे केसपेपर पुन्हा तपासायला लाव, तुझ्या एक्सेलशी ताडून. ज्या रेडिओलॉजिस्टने सगळे सीटी पुन्हा पाहून दिले त्यांचं नाव तुझ्या यादीत दिसत नाही. ते का नाही, हा विचार मात्र तू करायला हवास.

पाचव्या नावासाठी एकच वाक्य पाठ कर, आणि ते अगदी साधेपणाने बोल: "सर, जर्नलच्या फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहायचंय आणि त्या सरांची सही लागेल. त्यांच्यापुढे काय लिहू?" बरीच चांगली जर्नलं हा फॉर्म खरोखरच मागतात. नाही म्हणायचं काम फॉर्मला करू दे.

तरीही गाइड हटले नाहीत, तर भांडू नकोस आणि पाठवूही नकोस. निकाल लागेपर्यंत पेपर थांबव. पोस्टरने तुझी पात्रता होऊ शकते, थीसिस गेलाय, अकरा पेशंटची नोंद कुठे पळून जात नाही. तोवर मसुदा तारीख पडेल असा गाइडना ईमेलने पाठवून ठेव, पेन ड्राइव्हवर हातात देऊ नकोस. उद्या तुझं नाव गाळून तो कुठे आलाच, तर तुझ्या हाती कागद हवा.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस आणि मला तीच जास्त खुपली. एथिक्स कमिटी. थीसिसची परवानगी थीसिसपुरती असते. केसपेपर जुने असले तरी त्यांच्यावर संशोधन करायचं तर कमिटीपुढे जावंच लागतं. नावं-गावं काढलेल्या जुन्या नोंदींसाठी रुग्णांच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती कमिटीने द्यायची, तू गृहीत धरायची नाही. मेंबर सेक्रेटरींना भेट, झालं ते सरळ सांग. कदाचित ते परवानगीनंतर माहिती नव्याने काढायला लावतील. लावू देत. मागची तारीख टाकून पत्र मिळतं असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नकोस.

तुझा मसुदा वाचताना तिसऱ्या पेशंटपाशी मी थांबलो. बाईचं वय, तिची जात, कुही तालुक्यातलं गाव, जुळ्यांची बाळंतीण, दाखल झाल्याची तारीख. नाव नाही, पण त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल ही कोण ते. विदर्भात सिकलसेलचा शिक्का बसला की पोरींची लग्नं मोडतात, हे तुला वॉर्डात बसून माहीत आहे. गाव काढ, 'पूर्व विदर्भ' लिही. तारखांऐवजी दाखल झाल्यापासूनचे दिवस लिही. जातीचा उल्लेख युक्तिवादाला लागत नसेल तर तोही जाऊ दे. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. फोटो हवाच असेल तर त्या बाईची लेखी संमती घे, तिला समजेल अशा भाषेत, तो फोटो नेटवर कायमचा राहील हे सांगून.

चॅटजीपीटीबद्दल थोडक्यात. इंग्रजी नीट करून घेतलंस, त्यात पाप नाही. पण आयसीएमजेई सांगते की असं साधन वापरलं तर जर्नलला कळवा, आणि त्याला लेखक करू नका. रेफरन्स मात्र एकही त्याच्या भरवशावर ठेवू नकोस. ही यंत्रं खऱ्या जर्नलचं नाव, खरे वाटणारे लेखक आणि अस्तित्वातच नसलेला पेपर असं मिश्रण बिनदिक्कत बनवून देतात. तुझ्या यादीतले मी वरवर पाहिले, तर दोन मला कुठेच सापडले नाहीत. प्रत्येक पेपर स्वतः उघड, निदान ज्या वाक्यासाठी तो लावलाय ते वाक्य त्यात आहे का बघ. आणि पेशंटची नावं असलेली एक्सेल शीट तिथे चिकटवली असशील, तर यापुढे तसं करू नकोस.

आमच्यासारख्यांचं कोण छापतं, असं तू विचारतेस. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून डॉ. राणी आणि अभय बंग यांनी लिहिलेला पेपर १९८९ साली 'लॅन्सेट'ने छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले होते. दहा वर्षांनी त्याच जिल्ह्यातला घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आला. महाडकडे विंचू चावलेले पेशंट बघणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा पेपर १९८२ साली तिथेच छापला गेला. यांच्यापैकी कुणाकडे बारा हजारांचा एजंट नव्हता. नीट ठेवलेल्या नोंदी होत्या, आणि पुण्या-मुंबईच्या वॉर्डात जो प्रश्न सहजी दिसत नाही असा प्रश्न होता.

तुझ्याकडेही तसा प्रश्न आहे, फक्त तू तो सहाव्या पानावर लपवलायस. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये फीटल हिमोग्लोबिन (गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन) जास्त असतं, म्हणून तो आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असं पुस्तकांत वाचत आलो. तुझ्या अकरांमध्ये सहा जणांचं फीटल हिमोग्लोबिन चांगलं वर होतं आणि तरी त्यांची छाती भरली. हे पहिल्या पानावर आण. मात्र अकरा जणांवरून "हायड्रॉक्सियुरियाने फायदा होतो" असं त्या औषधाबद्दल जे शेवटचं वाक्य लिहिलंयस ते खोड. तुलना करायला दुसरा गट नाही, आणि तुझ्याकडे पोचले तेवढेच पेशंट तू पाहिलेस. जे घरी बरे झाले किंवा घरीच गेले, ते या हिशेबात नाहीत. काय पाहिलं तेवढं लिही. थेट 'लॅन्सेट'ला पाठव असं मी म्हणत नाही. हिमॅटॉलॉजीचं किंवा मेडिसिनचं एखादं भारतीय, मेडलाइनमधलं, लेखकाकडून पैसे न घेणारं जर्नल शोध. तीन-चार महिने लागतील, कदाचित नकारही येईल. नकारासोबतचे शेरे मात्र फुकट मिळतात.

राहिले ते चार हजार. ते गेले असं धर. पण पेपर अजून छापला गेला नाही, म्हणून आजच रात्री एजंटला आणि त्या जर्नलच्या ईमेलवर, दोन्हीकडे, एकच मजकूर पाठव: मी अमुक शीर्षकाची मॅन्युस्क्रिप्ट मागे घेत आहे, ती छापायला माझी संमती नाही, कॉपीराइट फॉर्मवर मी सही केलेली नाही. सही केली असशील तर शेवटच्या वाक्याऐवजी दिलेली संमती मागे घेतेय असं लिही. सीसीमध्ये गाइडना ठेव, म्हणजे त्यांनाही कळेल की हा रस्ता बंद झालाय. उत्तर येईल ते बहुतेक 'विथड्रॉवल फी' मागणारं असेल, कधी कधी मूळ रकमेपेक्षा जास्त. एक रुपयाही देऊ नकोस, फोन आला तर "ईमेल करा" एवढंच म्हण, आणि सगळे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेव. पैसे ज्या यूपीआयवर पाठवले त्याची नोंद जपून ठेव. धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तीच लागेल. पेपर मागे घेतल्याचं उत्तर येईपर्यंत तो दुसरीकडे पाठवू नकोस. उत्तर आलंच नाही, तर पुढच्या जर्नलला कव्हर लेटरमध्ये ही सगळी हकीकत तारखांसकट कळव. संपादकांनी अशी पत्रं बरीच पाहिलेली असतात.